मानेचा आवाज आणि मानेवरचं ओझं

मान वळवली की कट्‌कन आवाज येतो. खालीवर केली की आत काहीतरी करकरतं. आदिलाबाद जिल्ह्यात ही तक्रार कापूस वेचणाऱ्या बायांच्या तोंडी आहे, मार्केट यार्डातल्या हमालांच्या तोंडी आहे आणि दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या कारकुनाच्याही. तिच्यामागे बहुतेक वेळा तीन प्रश्न असतात. मणके झिजलेत का? पुढे हातपाय लुळे तर पडणार नाहीत ना? आणि हा आवाज बंद कसा करायचा?

या प्रश्नांवर गेल्या पाऊणशे वर्षांत बरंच संशोधन झालं आहे. ते एकत्र पाहिलं तर एक गोष्ट स्पष्ट होते. दुखत नसलेल्या मानेचा नुसता आवाज हा आजार नाही. काळजी करायची ती मानेवर रोज पडणाऱ्या भाराची आणि तो पेलण्याच्या तिच्या ताकदीची. प्रत्यक्षात आपला पैसा आणि आपली भीती दोन्ही आवाजावरच खर्च होतात, आणि भार तसाच राहतो.

आवाज येतो कुठून

मानेत सात मणके असतात. वरच्या दोन मणक्यांमध्ये चकती नसते आणि मान डावीउजवीकडे वळते त्यातली जवळजवळ निम्मी हालचाल या एका जोडात होते. त्याखाली दर दोन मणक्यांमध्ये पुढे एक चकती आणि मागे दोन बाजूंना दोन छोटे सांधे असतात. हे सांधे बोटांच्या सांध्यांसारखेच बनलेले आहेत. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, भोवती पातळ पिशवी आणि पिशवीत वंगणासारखा द्रव. या द्रवात वायू विरघळलेले असतात.

एकदाच येणारा मोठा कट्ट आवाज या वायूंचा असतो. सांध्याची दोन टोकं एकमेकांपासून ओढली गेली की आतला दाब एकदम कमी होतो, वायू द्रवातून बाहेर पडतो आणि पोकळी तयार होते. १९४७ साली लंडनमध्ये रोस्टन आणि व्हीलर हेन्स यांनी बोटांच्या सांध्यांचे एक्स-रे काढून ही पोकळी दाखवली. १९७१ मध्ये इंग्लंडमधल्याच अन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी मत मांडलं की बुडबुडा फुटतो त्याचा हा आवाज आहे. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात ग्रेगरी कॉचुक यांच्या गटाने बोट मोडतानाचं चित्रण एमआरआयमध्ये केलं. आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होते आणि आवाजानंतरही ती शिल्लक राहते, असं त्यात दिसलं. २०१८ मध्ये चंद्रन सुजा आणि बराकात यांनी गणिताने दाखवलं की बुडबुडा थोडासा आकसला तरी एवढा आवाज होऊ शकतो. म्हणजे वाद आहे तो बुडबुड्याच्या जन्माचा की मरणाचा, एवढाच. हाडावर हाड आपटतं असं यांतलं कुणीच म्हणत नाही. एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा मोडत नाही, त्याचं कारणही हेच. वायू पुन्हा द्रवात विरघळायला साधारण वीस मिनिटं लागतात.

दुसरा आवाज मान ठराविक कोनात आली की दरवेळी येतो आणि लगेच पुन्हा काढता येतो. हा कंडरेचा किंवा स्नायूचा. ताणलेली दोरीसारखी कंडरा हाडाच्या उंचवट्यावरून सरकते आणि टक्‌ असा आवाज होतो. खांदे वर ओढून बसणाऱ्यांत किंवा मान पुढे काढून काम करणाऱ्यांत स्नायू आखडलेले असतात, म्हणून तो जास्त ऐकू येतो.

तिसरा आवाज सलग करकरीचा. वयानुसार मागच्या छोट्या सांध्यांचा कूर्चा थोडा खडबडीत होतो आणि हालचालीत तो जाणवतो. पन्नाशीनंतर तो येणं केस पांढरे होण्याइतकंच सर्वसाधारण आहे. यातला कोणताही आवाज स्वतःला जेवढा मोठा ऐकू येतो तेवढा शेजारच्याला येत नाही. मानेचे वरचे सांधे कानाच्या अगदी जवळ आहेत आणि आवाज हवेतून न जाता कवटीच्या हाडातून थेट कानात पोचतो. रात्री उशीवर डोकं टेकल्यावर करकर वाढल्यासारखी वाटते ती यामुळे.

बोटं मोडल्याने संधिवात होतो हा समज जुना आहे. अमेरिकेतले डॉक्टर डोनाल्ड उंगर यांनी साठ वर्षं फक्त एकाच हाताची बोटं मोडली आणि शेवटी दोन्ही हात तपासले. संधिवात कुठल्याच हाताला नव्हता. एका माणसाचा हा अनुभव झाला, पण २०११ मधल्या एका पाहणीतही बोटं मोडण्याचा आणि हाताच्या संधिवाताचा संबंध आढळला नाही. गुडघ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे साडेतीन हजार लोकांच्या अभ्यासात ज्यांचे गुडघे वारंवार वाजत होते त्यांना पुढे दुखरा संधिवात होण्याचं प्रमाण जास्त निघालं. पण गुडघा जवळजवळ सगळ्या शरीराचं वजन वाहतो. तिथला निष्कर्ष मानेला जसाच्या तसा लावता येत नाही.

फोटोतली झीज आणि मनातली भीती

आवाजाला घाबरलेला माणूस फोटो काढायला जातो. एक्स-रेमध्ये किंवा एमआरआयमध्ये काहीतरी निघतंच. मग ‘मणक्यात गॅप आहे’, ‘चकती सरकली’, ‘नस दबली’ अशी वाक्यं घरी येतात आणि वर्षानुवर्षं राहतात.

या वाक्यांचं वजन किती मानायचं, हे ठरवायला जपानमधला एक अभ्यास उपयोगी आहे. २०१५ मध्ये नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय केले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांची एखादी तरी चकती फुगलेली निघाली. विशीतल्या मुलामुलींतही बहुसंख्यांच्या फोटोत ते दिसलं. त्याआधी १९९० मध्ये अमेरिकेत बोडेन यांच्या गटालाही मान न दुखणाऱ्या ६३ लोकांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्यात दोष दिसले होते. म्हणून फोटोतली झीज आणि माणसाचं दुखणं यांचा मेळ डॉक्टरांनी तपासून लावायचा असतो. फोटोवरून एकट्याने निदान होत नाही. हाताला मुंग्या, कमजोरी किंवा पुढे सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील तेव्हा एमआरआय गरजेचा असतो. नुसत्या करकरीसाठी आदिलाबादहून नागपूरचा किंवा हैदराबादचा प्रवास, तिथला मुक्काम आणि तपासणीचा खर्च करायचं कारण नाही.

भीतीचं नुकसान वेगळंच असतं. गुडघ्यातून आवाज येणाऱ्या लोकांशी इंग्लंडमध्ये सविस्तर बोलून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आवाज म्हणजे सांधा संपत चालल्याची खूण, असं लोक मानत होते आणि त्या धास्तीने हालचालच टाळत होते. मानेचंही तेच होतं. आवाज येऊ नये म्हणून माणूस मान न वळवता सगळं अंग वळवायला लागतो. काही महिन्यांत स्नायू आखडतात आणि कमजोर होतात. आधी नसलेलं दुखणं मग खरोखर सुरू होतं.

दुखण्याचा आवाका मोठा आहेच. ‘लॅन्सेट ऱ्ह्युमॅटॉलॉजी’त २०२४ मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२० साली जगात २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी होती आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती जास्त होती. आपल्याकडे मानेवर काय पडतं, हे पाहिलं की त्याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही.

आदिलाबादच्या मानेवर काय पडतं

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर कापूसच आहे. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून राज्याच्या सीमेपलीकडे गेले आणि २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. तरी बेला, जैनद, तांसी, तलमडुगू या भागांत शेताशेतांतून ऐकू येते ती मराठी आणि हातातलं काम तेच, जे यवतमाळात आणि नांदेडात आहे.

वेचणीचा एक दिवस मानेच्या बाजूने पाहा. बाई कमरेला ओटी बांधते आणि झाडाच्या उंचीनुसार कमी-जास्त वाकून चालते. नजर बोंडावर, म्हणजे मान सतत पुढे झुकलेली. दोन्ही हात समोर, त्यामुळे खांद्याचे स्नायू एकदाही सैल पडत नाहीत. ओटी भरली की ती रिकामी करायची, कापूस गाठोड्यात भरायचा आणि मजुरी किलोवर असल्याने थांबायचं नाही. संध्याकाळी डोक्यावर चुंबळ ठेवून गाठोडं काट्यापर्यंत न्यायचं. घरी जाताना वाटेत जळणाची मोळी मिळाली तर तीही डोक्यावर. वेचणीच्या आधी खुरपं घेऊन निंदण झालेलं असतं, त्यातही मान खालीच. पुरुषांच्या पाठीवर फवारणीचा सोळा लिटरचा पंप असतो. त्याचे पट्टे मानेपासून खांद्यापर्यंत जाणाऱ्या स्नायूवरच रुततात. निर्मळच्या बाजूला विड्या वळणाऱ्या बाया मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास खाली पाहत बसतात. आणि या सगळ्यांच्या घरात तरुण मुलं मोबाइल मांडीवर धरून तशीच बसतात.

डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते मणक्यांवर सरळ तोललेलं असताना मागच्या स्नायूंना फारसं काम पडत नाही. पुढे झुकलं की ते धरून ठेवायची जबाबदारी त्यांच्यावर येते. न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर हिशेब मांडला. मान ६० अंश झुकली की मानेवरचा ताण सुमारे २७ किलोपर्यंत जातो, असं त्यात निघालं. हा आकडा प्रतिमानातला आहे, जिवंत माणसावर मोजलेला नाही. त्यामुळे तो शब्दशः घेऊ नये, पण दिशा बरोबर आहे.

डोक्यावरच्या जड ओझ्याचा पुरावा जास्त थेट आहे. १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आफ्रिकेतल्या हमालांच्या मानेच्या दुखापतींवर लेख आला आणि ‘हमालाची मान’ असं त्या दुखापतीचं नावच पडलं. १९९७ मध्ये सिएरा लिऑनमध्ये डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांचे आणि न वाहणाऱ्यांचे एक्स-रे ताडून पाहिले तेव्हा वाहणाऱ्यांच्या मानेत झीज कितीतरी जास्त निघाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली आणि स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी असं म्हटलं. आपल्याकडे युरियाची गोणी २०१८ पासून ५० किलोऐवजी ४५ किलोची झाली. पण सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या गोण्या याहून जड भरल्या जातात आणि त्या उचलणाऱ्या माणसाला मर्यादेचा कागद कुणी दाखवत नाही.

याचा अर्थ मान काचेची आहे असा अजिबात नाही. दिवाळीच्या दंडारीत मोरपिसांचा भलामोठा टोप डोक्यावर सांभाळत गोंड गुसाडी नाचतात. मार्लवाईच्या कनक राजूंना या नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सरावाने, हळूहळू वाढत गेलेला भार मान पेलते आणि त्याने बळकटही होते. मानेला मोडतं ते अचानक आलेलं जड ओझं, विश्रांतीशिवाय चाललेलं काम आणि एकाच स्थितीत काढलेले तास.

मान मोडून घेणं

आवाज आणि आखडलेपणा यांवर सगळ्यात सहज मिळणारा इलाज म्हणजे मान मोडून घेणं. दाढी झाली, डोक्याला तेलमालिश झालं की न्हावी एक हात हनुवटीखाली आणि एक डोक्यामागे धरतो, मान एका बाजूला नेतो आणि झटका देतो. कडकड आवाज होतो. मग दुसरी बाजू. खुर्चीतल्या माणसाला हलकं वाटतं आणि तो दर आठवड्याला ते मागून घ्यायला लागतो. हलकं वाटतं हे खरं आहे. सांध्यातली पोकळी उघडताना आजूबाजूचे स्नायू थोडा वेळ सैल पडतात. पण हा परिणाम काही मिनिटांचा किंवा तासांचा असतो. आवाज झाला म्हणजे काहीतरी ‘जागेवर बसलं’ हेही खरं नाही. २००३ मध्ये अमेरिकेत टिमोथी फ्लिन यांच्या गटाने कंबरदुखीच्या रुग्णांवर प्रशिक्षित हातांनी दिलेल्या झटक्यांचा अभ्यास केला. आवाज आला त्यांच्यात आणि न आला त्यांच्यात आराम सारखाच होता.

धोका कुठे आहे हे मानेची रचना सांगते. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जातात आणि सगळ्यात वरच्या मणक्याभोवती वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान जोरात वळवून झटका दिला तर नेमका या वळशावर ताण येतो. क्वचित धमनीचं आतलं अस्तर फाटतं, तिथे रक्ताची गाठ होते आणि मेंदूचा झटका येतो. २०२४ मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीत एका तरुणाला सलूनमधल्या मालिशनंतर असा झटका आल्याची बातमी होती. २०१७ मध्ये दिल्लीजवळ एका माणसाचं श्वासपटल सलूनमध्ये मान मोडल्यानंतर लुळं पडलं, कारण मानेतून जाणाऱ्या त्याच्या मज्जातंतूला इजा झाली होती. २०२२ मध्ये हैदराबादेत पार्लरमध्ये केस धुताना मान बेसिनवर मागे ताणून ठेवल्यानंतर एका बाईला मेंदूचा झटका आला.

असं होणं दुर्मीळ आहे. शिवाय इथे नीट समजून घेण्याची गोष्टही आहे. २००८ मध्ये कॅनडात ऑन्टॅरियोमधल्या मोठ्या अभ्यासात कॅसिडी यांना दिसलं की मेंदूच्या मागच्या भागाचा झटका येण्याआधी रुग्ण मणके बसवणाऱ्यांकडे (कायरोप्रॅक्टरकडे) जितके गेले होते तितकेच साध्या डॉक्टरकडेही गेले होते. म्हणजे काहींच्या धमनीत आधीच इजा झालेली असते. त्याच दुखण्यासाठी ते उपचाराला जातात. पण यातूनच न्हाव्याकडे झटका न घेण्याचं कारण अधिक पक्कं होतं. नवं, तीव्र मानदुखणं आधीच फाटलेल्या धमनीचं आहे की स्नायूचं, हे खुर्चीत बसल्याबसल्या कुणी ओळखू शकत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये म्हटलं की मानेला झटका देण्याआधी रुग्णाला या धोक्याची कल्पना द्यायला हवी. आपल्याकडे ती कल्पना न्हाव्यालाही नसते, गिऱ्हाइकालाही नसते. डोक्याची आणि खांद्यांची मालिश खुशाल करून घ्यावी. मानेला हात लावून वळवू देऊ नये. स्वतःच्या हातांनी हनुवटी ढकलून मान मोडायची सवय असेल तर तीही सोडावी. मोडावंसं वाटलं की खांदे गोल फिरवावे, पाठ मागे ताणावी. तेवढ्याने बहुतेकदा तो ताण उतरतो.

कशाचा किती उपयोग

दुखणाऱ्या मानेवर मिळणारे इलाज पुष्कळ आहेत. गरम शेक आणि हलकी मालिश याने तात्पुरतं बरं वाटतं आणि नुकसान होत नाही. गळ्यातला पट्टा गाडीच्या धक्क्यानंतर किंवा डॉक्टरांनी सांगितल्यावर थोडे दिवस ठीक आहे. महिनोन्‌महिने घातला तर स्नायू कमजोर पडतात. वजन लावून मान ओढण्याच्या उपचाराचा पुरावा कमकुवत आहे. आवाज बंद करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कूर्चाच्या गोळ्यांनी मानेचा आवाज थांबतो असा भरवशाचा पुरावा नाही.

वेदनाशामक गोळ्या काही दिवस घेता येतात, पण गावातल्या आरएमपी डॉक्टरकडून दर आठवड्याला इंजेक्शन घेत राहणं धोक्याचं आहे. सतत घेतलेल्या अशा औषधांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर परिणाम होतो आणि रक्तदाब असलेल्यांना जास्त त्रास होतो. बिनलेबलच्या चूर्णात स्टेरॉइड मिसळलेलं असलं तर एका दिवसात आराम पडतो आणि साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

सगळ्यात पक्का पुरावा व्यायामाचा आहे. २००३ मध्ये फिनलंडमध्ये यारी युलिनेन यांनी जुनी मानदुखी असलेल्या १८० स्त्रियांचे गट करून वर्षभर अभ्यास केला. ताकदीचा व्यायाम केलेल्यांचं दुखणं आणि अडचण दोन्ही ठळकपणे कमी झाली. फक्त ताण देण्याचे आणि एरोबिक व्यायामाचे सल्ले मिळालेल्यांना तेवढा फायदा झाला नाही. २०११ मध्ये डेन्मार्कमध्ये लार्स अँडरसन यांनी १९८ लोकांवर याहून सोपी गोष्ट तपासली. रबरी पट्ट्याने खांद्याचा व्यायाम रोज फक्त दोन मिनिटं, दहा आठवडे. दोन मिनिटं करणाऱ्यांना बारा मिनिटं करणाऱ्यांच्या जवळपास फायदा झाला. २०१२ मध्ये अमेरिकेत गर्ट ब्रॉनफोर्ट यांनी २७२ रुग्णांत औषधं, मणके बसवणं आणि एक-दोन भेटींत शिकवलेला घरचा व्यायाम यांची तुलना केली. घरचा व्यायाम औषधांपेक्षा सरस ठरला आणि मणके बसवण्याच्या बरोबरीला आला. ज्या जिल्ह्यात भौतिकोपचारतज्ज्ञाकडे वारंवार जाणं मजुरी बुडवून करावं लागतं, तिथे या शेवटच्या निष्कर्षाचं मोल फार आहे. एकदा नीट शिकवलेला व्यायाम इथे पुरतो.

घरी करायचे चार व्यायाम

पहिला, हनुवटी मागे घेणं. भिंतीला पाठ लावून बसावं, नजर समोर. हनुवटी वर किंवा खाली न करता सरळ मागे न्यावी, जणू डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकवायची आहे. पाच सेकंद धरावं, सोडावं. असं दहा वेळा. दुखू नये, फक्त मानेच्या पुढच्या आतल्या स्नायूंना काम पडल्याचं जाणवावं.

दुसरा, हाताचा प्रतिकार. तळहात कपाळावर ठेवून डोकं हातावर आणि हात डोक्यावर सारख्याच जोराने दाबावा, मान हलू देऊ नये. मग मागून, मग दोन्ही कानांच्या वरून. जोर आपल्या ताकदीच्या निम्म्याहून कमी. प्रत्येक बाजूला पाच सेकंद, पाच वेळा.

तिसरा, खांदे. एक-एक लिटर पाण्याच्या दोन बाटल्या हातात धरून हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत न्यावे आणि सावकाश खाली आणावे. दहा वेळा. दोन आठवड्यांनी संख्या वाढवावी.

चौथा, वळणं. मान सावकाश डावीकडे, मग उजवीकडे, जेवढी सहज जाईल तेवढीच. आवाज आला तरी थांबायचं नाही, दुखलं तर कमी वळायचं. खांदे सैल सोडून आणि हनुवटी थोडी मागे धरून वळलं तर कंडरेचा टक्‌ आवाज अनेकांचा कमी होतो. कमी झाला नाही तरी हरकत नाही. व्यायामाचं यश आवाजावर मोजायचं नसतं. गाडी चालवताना मागे पाहता येतं का, ओटी भरेपर्यंत मान धरते का, रात्री झोप लागते का, यावर मोजायचं. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात.

झोपताना उशी इतकीच जाड असावी की कुशीवर असताना मान खांद्यापासून सरळ रेषेत राहील. मोबाइल डोळ्यांच्या उंचीला आणावा. आणि कोणतंही वाकून करायचं काम अर्ध्या तासाने एकदा थांबवून मान वर करावी.

इथे वेळ घालवू नये

काही लक्षणं दिसली की घरगुती उपाय थांबवून डॉक्टरकडे जायचं. अचानक उठलेली, पूर्वी कधीच न झालेली मान-डोकेदुखी, तिच्यासोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, तोल जाणं किंवा एका बाजूला कमजोरी असेल तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात. हातातून वस्तू पडणं, शर्टाचं बटण लावता न येणं, चालताना पाय ताठ होणं, लघवीवरचा ताबा जाणं ही मज्जारज्जूवर दाब आल्याची चिन्हं असू शकतात. पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखली तर आधी फोटो, मग बाकीचं. ताप, वजन घटणं, रात्री वाढणारं दुखणं असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी आपल्या देशात करायलाच हवी. आमवात असलेल्या माणसाच्या वरच्या दोन मणक्यांचा जोड सैल होऊ शकतो, म्हणून त्याच्या मानेला झटका कधीही देऊ नये.

या भागात आणखी एक कारण लक्षात ठेवावं. यवतमाळ, चंद्रपूर आणि तेलंगणातला नलगोंडा इथल्या भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचं जुनं दुखणं आहे. प्यायच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइडचं पाणी प्यायलं तर अस्थिबंधांत चुना बसतो आणि मान, पाठ ताठ होते. घरातल्या दोन-तीन माणसांची मान एकदमच वळेनाशी झाली, मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले, तर माणसांबरोबर बोअरचं पाणीही तपासून घ्यावं.

गावापर्यंत काय पोचायला हवं

आदिलाबाद शहरात २००८ पासून राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘रिम्स’ आहे. तेलंगणातल्या आरोग्यश्रीची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये दहा लाखांपर्यंत नेली गेली. मणक्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्या माणसाला या दोन्हींचा आधार आहे. पण मान दुखणाऱ्या बहुतेक लोकांना शस्त्रक्रिया लागणारच नाही. त्यांना लागतं ते कुणीतरी हात लावून तपासणं, ‘घाबरू नका’ असं कारणासह सांगणं आणि चार व्यायाम करून दाखवणं. हे गावातल्या सरकारी पल्ले दवाखान्यात होऊ शकतं. आशाताई तेलुगू, मराठी आणि गोंडी तिन्ही भाषांत ते शिकवू शकतात, कारण गावातल्या बायांशी त्या त्याच भाषांत बोलतात.

भार कमी करणं हे त्याहून महत्त्वाचं आणि तेही फार महाग नाही. काटा शेताच्या मध्याजवळ आणला तर गाठोडं डोक्यावरून लांब न्यावं लागत नाही. मार्केट यार्डात चाकांच्या हातगाड्या आणि गोणी खांद्याच्या उंचीवरून घेता येईल असे ओटे असले तर हमालाच्या मानेवरचा झटका टळतो. गोणीच्या वजनाची मर्यादा खरेदीच्या अटीत लिहिता येते. नळाचं पाणी घरात आलं तिथे डोक्यावरचे हंडे उतरले, हे आपण पाहिलं आहे. तसंच वेचणीचं ओझंही उतरू शकतं. न्हाव्यांच्या संघटनेबरोबर बसून ‘मालिश करा, मान वळवू नका’ एवढं ठरवलं तर मोठा धोका एका बैठकीत कमी होईल.

कापूस शेतातून जिनिंगपर्यंत आणि जिनिंगमधून गिरणीपर्यंत नेण्यासाठी आपण रस्ते, ट्रक, वजनकाटे, खरेदी केंद्रं सगळं उभं केलं. तो झाडावरून बांधापर्यंत आणणाऱ्या मानेसाठी एक हातगाडी आणि पाच मिनिटांची शिकवणी एवढं तरी पुढच्या वेचणीच्या आधी गावोगाव उभं राहिलंच पाहिजे.